आत्याबाई मध्येच बंद पडते

तलावाच्या ऐन मध्यावर आत्याबाई पुन्हा बंद पडली. आधी आवाज बारीक झाला, मग नाक खाली गेलं, दोन आचके दिले आणि गप्प. मी तिला एक सणसणीत शिवी हासडली, पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावले, पेट्रोल भरपूर आहे हे पाहून झाकण परत लावलं आणि बटण दाबलं. लगेच सुरू! जसं काही झालंच नव्हतं. याचीच तर चीड येते. सरळ मेली असती तर उघडून बघता आलं असतं. पण जी बाई बेशुद्ध पडते आणि डॉक्टर आला की उठून चहा टाकते, तिचं करायचं काय?

आत्याबाई म्हणजे आमच्या पोहण्याच्या क्लबची वॉटर स्कूटर. मोटरसायकलसारखं तिच्यावर बसायचं आणि पाण्यावरून पळवायचं. पोटात जुनं टू-स्ट्रोक इंजिन. वय इतकं, की तिचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, दुसऱ्या मेलेल्या स्कूटरमधून काढावे लागतात. चार माणसं जमली की नेमकी रुसते, म्हणून तिचं नाव आत्याबाई. आमच्या खऱ्या आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

माझं इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. आधी बाबांचं होतं, ते गेल्यावर माझं झालं. बोटीची इंजिनं, पाण्याचे पंप, जनरेटर, जे जे म्हणून धूर सोडतं ते माझ्याकडे येतं. घरात मला भिंगरी म्हणतात, कारण मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा मी मध्येच उठून कोणाच्या तरी खुर्चीचा ढिला स्क्रू पिळून येते. लोक हसतात. हसू देत. खुर्ची मोडली की मलाच बोलावतात.

तर मुद्दा असा, की रविवारी माझी ताई तलाव पार करणार होती.

ताई शाळेत पोहायला शिकवायची. अर्ध्या गावाला तिनेच पाण्यात ढकललं आहे. दर वर्षी उन्हाळा सरता सरता ती या काठावरून त्या काठापर्यंत पोहत जायची, आणि पलीकडे तिच्या जुन्या विद्यार्थिनी टॉवेल घेऊन उभ्या असायच्या. मागच्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. साधासुधा नाही, हॉस्पिटलच्या त्या लांबलचक पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालून माझ्या चपला झिजल्या. मशीनने श्वास घेणारी ताई मी काचेतून पाहिली आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी हात लावू शकत नाही अशीही मशीन असते. ती वाचली. घरी आली. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू सगळं करा." त्यातलं "सगळं करा" एवढंच मला ऐकू आलं.

मी वेळापत्रक करून तिच्या फ्रिजवर चिकटवलं. सकाळी चालणं, मग फुग्यात फुंकर मारणं, मग क्लबजवळच्या उथळ पाण्यात फेऱ्या. अंडी किती, दूध किती. ताई सगळं मुकाट्याने करायची आणि संपलं की खिडकीशी जाऊन बसायची. मला ते बघवत नसे. धडधाकट बाई अशी उशी पाठीशी घेऊन बाहेर बघत बसते म्हणजे काय? ती तलाव पोहून पलीकडे पोचली, की सगळं पूर्वीसारखं झालं असं मला म्हणता आलं असतं. तोपर्यंत माझ्या पायाखाली निखारे होते.

क्लबचा नियम असा, की पाण्यात हद्द म्हणून तरंगत ठेवलेल्या लाल पिंपांच्या पलीकडे जाणाऱ्या पोहणाऱ्याबरोबर कोणीतरी वाहनावर असलंच पाहिजे. क्लबच्या बोटीच्या तळाला भोक पडून ती लाकडांवर चढवलेली. राहिली आत्याबाई. चालवणार मी. क्लबचे सेक्रेटरी मला लहानपणापासून ओळखतात. ते म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी मला सांग, मशीन शंभर टक्के आहे की नाही. मी इंजिनातलं काही बघणार नाही. तू हो म्हणालीस की हो." पुढच्या आठवड्यापासून पाणी गार पडायला लागतं. एकदा गार पडलं की ताईच्या फुफ्फुसांना ते चालणार नाही, म्हणजे मग थेट पुढचं वर्ष.

आणि ही बया मध्यावर जाऊन मान टाकत होती.

मी तिला ट्रेलरवरून वर्कशॉपमध्ये आणली, सीट उचलली आणि मुळापासून सुरुवात केली. आधी प्लग काढले. कोरडे आणि पांढुरके. म्हणजे ठिणगीचा दोष नाही, पेट्रोल कमी पडतंय. चला, निदान घोडं कुठे पेंड खातंय त्याची दिशा कळली. कार्बोरेटर उघडले, त्यातली बारीक जाळी साफ केली. जुन्या नळ्या आतून विरघळून हिरवट चिकटा होतो आणि तो त्या जाळीत जाऊन बसतो, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलल्या. पेट्रोलचा कॉक उघडून पाहिला. पंपाचा पडदा बदलला. मग इंजिन थंड ठेवायला पाण्याचा पाइप जोडून ते सुरू केलं. यात एक पथ्य आहे: आधी इंजिन, मग पाणी; आणि थांबवताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केलं तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आणि मग बसा रडत. जमिनीवर तिला फार वेळ चालवताही येत नाही, पण जेवढी चालली तेवढी गोड चालली. टाकीचं झाकण काढून ठेवलेलं, मी आत टॉर्च मारून बघतेय, आणि आत्याबाई घुमतेय सुरात.

ताई दाराशी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती.

"नसेल होत तर राहू दे ना," ती म्हणाली.

"नसेल होत म्हणजे काय? मशीन आहे. मशीनला होतंच."

"तू दुपारपासून पाणीसुद्धा प्यायली नाहीस."

"तू तुझे फुगे फुगवलेस का?"

ताईने मान डोलावली. तिचं हे असंच. भांडण करायला दोघी लागतात आणि ती कधी दुसरी होत नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्यात घातली. पुन्हा तेच. मध्यापर्यंत सुसाट, मग आचके, मग ठप्प. शिवी, झाकण, बटण, सुरू. काठावर ताई टॉवेल खांद्यावर टाकून उभी होती. मी स्कूटर धक्क्याला लावली, तेव्हा ती म्हणाली, "आलीस का चालवत?" आणि तिचा चेहरा पडला. मला वाटलं, बिचारी माझ्यासाठी हळहळतेय.

मग मी टाकीतली उभी नळी काढून तपासली. टाकीच्या तळाचा गाळ काढला. चालकाच्या मनगटाला बांधायच्या दोरीचा स्विच तपासला, कारण तो ढिला असला तरी इंजिन मरतं. इंजिन तापतंय का ते पाहिलं. प्रत्येक वेळी काहीतरी थोडंसं सापडायचं, मी खूश व्हायचे, आणि पाण्यात गेलं की पालथ्या घड्यावर पाणी. झोप उडाली. आंघोळ करताना मी कार्बोरेटरशी बोलत होते. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एकदा डबा घेऊन आले तर मी त्यांच्यावरच खेकसले, की तुम्ही सीटचं कव्हर बदललंत तेव्हा सीट काढली होती, एखादी नळी तर दाबली गेली नाही ना? भाऊजींचा शिलाईचा धंदा आहे, बोटींचे कापडी छत, सीटची कव्हरं असं शिवतात. आत्याबाईची नवी सीट त्यांनीच शिवलेली. ते डबा ठेवून म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय," आणि मूग गिळून निघून गेले.

शनिवारी सकाळी वारा अजिबात नव्हता. तलाव पसरलेल्या चादरीसारखा शांत. आत्याबाई नेहमीच्या जागी बंद पडली आणि मला शिवी द्यायचाही कंटाळा आला. इतकी दमले होते, की जरा वेळ नुसती बसून राहिले. मग सवयीने झाकणाला हात घातला. बाबांची शिकवण: मशीन थांबली की आधी पोटात अन्न आहे का बघावं. एरवी मी झाकण तडकाफडकी उचकटते. त्या दिवशी हात चालत नव्हते, म्हणून हळूहळू फिरवलं.

आणि आवाज आला. सूऽऽऽ. टाकीने लांबलचक श्वास आत घेतला.

मी जागच्या जागी थिजले. मग हसायला लागले. तलावाच्या मधोमध एकटी बाई खिदळतेय, कोणी पाहिलं असतं तर मलाच बांधून नेलं असतं. अहो, टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी! त्यासाठी एक बारकी नळी असते. ती बंद झाली तर टाकी आतून आवळते, पंप ओढून ओढून थकतो आणि इंजिन उपाशी मरतं. बंद बाटलीतून नळीने सरबत ओढून बघा, तसंच. आणि मी दर वेळी काय करत होते? झाकण उघडून हवा आत सोडत होते, आणि वर म्हणत होते की दोष सापडत नाही. वर्कशॉपमध्ये तर झाकण उघडंच असायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

वर्कशॉपमध्ये परत आले, पुढचं टोपण काढलं आणि ती हवेची नळी बोटांनी चाचपत गेले. ती वर जाऊन हँडलखालून मागे वळते, तिथे वायरींचा जुडगा आहे. त्या जुडग्याच्या मागे माझं बोट अडलं. टॉर्च लावली.

नळी दोऱ्याने आवळलेली होती. घट्ट, एकाला एक लागून वेढे, शेवटी चपटी गाठ आणि टोकं कापून टाकलेली. मेण लावलेला जाड दोरा. हा दोरा गावात एकाच दुकानात मिळतो, आणि तो विकायला नसतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी नळीचा तेवढा तुकडा कापला, नवी नळी घातली आणि हात न धुताच निघाले.

भाऊजींचं दुकान ताईच्या घराच्या पुढच्या खोलीतच आहे. एका बोटीचं निळं छत खोलीभर पसरलेलं आणि भाऊजी त्याच्या कडेला मशीनवर वाकलेले. मी तो तुकडा त्यांच्या सुईपुढे ठेवला. मशीन थांबली.

"तुम्ही बांधलंत हे?"

भाऊजींनी तुकड्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, मग परत तुकड्याकडे. "हो," ते म्हणाले.

"का?"

"भीती वाटली मला."

"भीती! अहो, उद्या ती मधोमध पोहत असताना ही बंद पडली असती म्हणजे? ताईला धाप लागली असती म्हणजे? मी तिथे झाकण फिरवत बसले असते आणि ती—" मी तो तुकडा उचलून पुन्हा आपटला. "साधं तोंडाने सांगता येत नव्हतं? एवढी वर्षं ओळखते तुम्हाला, आणि तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत?"

भाऊजी खाली मान घालून बॉबिन फिरवत राहिले. त्यांना ओरडून घ्यायची सवय नाही, आणि मला ओरडायला लागले की थांबायची सवय नाही. शेजारचे दुकानदार बाहेर आले असतील इतका माझा आवाज चढला होता.

"त्यांच्यावर ओरडू नकोस," आतून ताई म्हणाली. "मी बांधलाय तो."

ती दारात येऊन उभी राहिली. हातात अर्धवट टाचलेलं कव्हर, तोंडात टाचणी. टाचणी तिने काढून बाहीला खोचली.

"तू?" मी म्हटलं. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"बाबा तुला शिकवायचे तेव्हा मी तिथेच बसून गृहपाठ करायचे. कान काही मिटलेले नव्हते." ती निळ्या छताच्या कडेकडेने आली आणि बाकावर बसली. "हवेची नळी बंद केली की ती थोडा वेळ चालते आणि मग मरते. आणि नंतर दोरा काढला की काही बिघडत नाही. नवी सीट बसवताना मी यांच्याबरोबर होते, तेव्हाच बांधला. रविवारी मी पाण्यात उतरणारच नव्हते ग. मला वाटलं, पहिल्याच दिवशी तू म्हणशील, नाही जमत हिचं, राहू दे यंदा. पण तू दर वेळी तिला सुरू करून परत आणायचीस."

"तुला पोहायचं नाहीये?"

"नाही."

"भीती वाटते?"

"पाण्याची? नाही. मला नकोय. इतकंच."

"मग सांगायचंस ना!"

"सांगितलं. तू म्हणालीस, आधी नाश्ता कर. पुन्हा सांगितलं, तर तू माझी नाडी बघितलीस." ताई हसत नव्हती. "तू माझ्यासाठी हॉस्पिटलमध्ये किती पळालीस ते मला माहितीये. तुला नको म्हणायचं म्हणजे तोंडच उघडेना माझं. म्हणून हा चोरटेपणा केला. यांना काल कळलं. हे म्हणाले सांगूया, मीच थांबवलं."

मी उभीच होते. भाऊजींच्या मशीनचा पट्टा ओढून बघितला. ढिला होता.

"तो सोड," ताई म्हणाली. "इकडे बघ. मला खिडकीत बसायला आवडतं. आयुष्यभर मी शिट्टी वाजवत काठावरून पळत राहिले. आता उठते, उन्हात बसते, यांना टाचणी लावून देते आणि दिवस कसा जातो कळत नाही. तू येतेस आणि माझ्याकडे अशी बघतेस, की मी तुझ्या ट्रेलरवर चढवलेली आहे. मी बिघडलेली नाहीये, भिंगरी. मी अशीच आहे आता."

मला रडू आलं. रागाचं, की काय, मला माहीत नाही. मला माझी ताई होती तशीच्या तशी परत हवी होती. धापा टाकत पलीकडच्या काठाला लागणारी, ओल्या हाताने माझ्या डोक्यात टपली मारणारी. ती मिळणार नव्हती. समोर ही बसली होती, जरा वाळलेली, बाहीला टाचण्या खोचलेली, आणि ही मला नको म्हणत होती. एवढं साधं. कार्बोरेटर उघडायची गरज नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. सेक्रेटरी.

"काय ग, झाली का आत्याबाई शंभर टक्के? मी पलीकडच्या काठावर खुर्च्या टाकायला सांगतोय. तिच्या सगळ्या पोरी येणारेत. लेकरं घेऊन येणारेत!"

मी ताईकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "खरं सांग. मी नको म्हणतेय म्हणून सांग."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. पाच मिनिटांत सेक्रेटरी दारात. मागोमाग त्या सगळ्या पोरी. ताई, असं काय करता, ताई, अर्ध्यापर्यंत तरी या, ताई, आम्ही आहोत ना. सगळे माझ्यासारखेच. आणि ताईने पुन्हा मान डोलावली असती.

तिकडे वर्कशॉपमध्ये आत्याबाई नवी नळी घालून उभी होती. आता ती तलावाला दहा चकरा मारूनही बंद पडली नसती.

"नाही झाली," मी म्हटलं. "उद्याचं रद्द करा."

"अगं, पण दोष काय आहे?"

"मला सापडला नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणाला म्हटलं नव्हतं, आणि उद्या दुपारपर्यंत ते गावभर होणार होतं. ताई बाकावरून अर्धवट उठली, मी तिला हाताने खाली बसवलं.

"तुला सापडला नाही?" सेक्रेटरी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "तुझे बाबा असते तर सापडला असता ग."

"हो," मी म्हटलं. "बाबांना सापडला असता."